हसनाबादच्या नमुन्यातल्या कांड्या

हसनाबादहून आणलेल्या टोमॅटोच्या पानात विषाणूच्या कांड्या दिसल्या, तो डिसेंबरमधला मंगळवार होता. वेळ सकाळी सव्वाअकराची. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर मी बसलो होतो. पडद्यावरच्या पहिल्या चौकोनात दोन कांड्या होत्या, दुसऱ्यात एकही नव्हती, तिसऱ्यात पाच होत्या. सरळ, ताठ, एकाच जाडीच्या. नोंदवहीत मी तेवढंच लिहिलं आणि जिना उतरून व्यवस्थापकांच्या खोलीकडे गेलो. ही बातमी फोनवर देण्यासारखी नव्हती.

नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं हे यंत्र चालवलं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून आठवड्यातून दोन दिवस सल्लागार म्हणून मला बोलावतात. या नोकरीआधी, विज्ञानाची पदवी घेऊन नोकरी मिळेना तेव्हा, चार वर्षं इथल्याच एका दैनिकात मुद्रितं तपासत आणि तालुक्याच्या बातम्या नीट करत होतो. तिथले संपादक म्हणायचे, ‘काय झालं आणि कधी झालं ते पहिल्या ओळीत लिहा. तुम्हाला काय वाटलं ते घरी सांगा.’ सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत ही शिकवण फार उपयोगी पडली. तिथे वाटण्याला जागा नसते. कांडी दिसते किंवा दिसत नाही.

बाहेरच्या माणसाला हे काम समजावून सांगताना मी गोधडीचा दाखला देतो. हाताला जाड गोधडी गुंडाळून गव्हातला खडा शोधायला बसलात तर तो सापडणार नाही, कारण गोधडीच्या जाडीपुढे खडा जाणवतच नाही. उजेडाचं तसंच आहे. उजेडाची लाट विषाणूच्या मानाने फार जाड. भिंगं कितीही चांगली लावा, त्या लाटेला विषाणू जाणवत नाही. म्हणून उजेडाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरायचा. त्याची लाट अतिशय बारीक. हा झोत एका उंच नळीतून खाली येतो, नळीतली सगळी हवा काढलेली असते, आणि वाटेत तांब्याची एक जाळी ठेवलेली असते. जाळी गोल, तीन मिलिमीटरची, नथीतल्या मोत्याएवढी. तिच्यावर पानाच्या रसाचा थेंब वाळवायचा, वर जड धातूच्या क्षाराचा रंग द्यायचा. रंग विषाणूच्या भोवती साचतो आणि काळ्या जमिनीवर विषाणू पांढरा उमटतो. जाळीच्या एकेका चौकोनातून नजर फिरवत जायचं. चार जाळ्या बघायला पाच तास लागतात.

आमचं यंत्र जुनं होतं. दुसऱ्या गावच्या एका बंद पडलेल्या संस्थेकडून ते आलं होतं. पोलादाच्या कारखान्यांच्या भट्ट्या पेटल्या की वीज वरखाली व्हायची आणि पडद्यावरचं चित्र श्वास घेतल्यासारखं लहानमोठं दिसायचं. स्टेशन जवळ असल्याने मालगाडी गेली की चित्र थरथरायचं. मी गाड्यांच्या वेळा भिंतीवर लावल्या होत्या. भेटायला आलेले लोक विचारायचे, साहेब गावाला निघाले का?

आता कांड्यांविषयी. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले तीनशे भाग लांब आणि अठरा भाग जाड अशी ही कांडी असते. वनस्पतींच्या विषाणूंचं हे एक मोठं घराणं आहे. त्यातला सर्वांत जुना सदस्य तंबाखूवर सापडला. जगात माणसाला ओळखू आलेला पहिला विषाणू तोच. सर्वांत नवा सदस्य टोमॅटोवरचा. तो फळांवर तपकिरी चट्टे पाडतो, बियाण्यातून देशोदेशी जातो आणि माणसाच्या हाताला, कपड्याला, कात्रीला चिकटून झाडावरून झाडावर पसरतो. परदेशी ग्राहक त्याच्या नुसत्या संशयाने माल परत करतात. मात्र आमच्या यंत्राखाली या घराण्यातले सगळे सारखेच दिसतात. लांबी तीच, जाडी तीच. घराणं कळतं, नाव कळत नाही.

व्यवस्थापक खेडेकर साहेबांनी फोटो पाहिला आणि विचारलं, “वडीगोद्रीसारखंच?”

“कांड्या तशाच आहेत.”

“मग थांबायचं कशासाठी?”

आदल्या वर्षी वडीगोद्रीला अंकुशराव नावाच्या शेतकऱ्याच्या शेडनेटमध्ये, म्हणजे पिकावर उभारलेल्या कापडी मांडवात, असंच झालं होतं. पानं चितकबरी दिसली, मी जाऊन नमुना आणला, कांड्या दिसल्या आणि चार दिवसांत सगळी झाडं उपटून जाळली. अंकुशरावांनी त्यानंतर बीजोत्पादन सोडलं.

हसनाबादला नेट मंदाबाईंचं होतं. टोमॅटोचं संकरित बियाणं हातानेच तयार होतं. मादी झाडाच्या प्रत्येक कळीतले पुंकेसर चिमट्याने काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी नराचा पराग बोटाने लावायचा आणि खूण म्हणून फुलाची दोन हिरवी दलं कापायची. मंदाबाईंनी गावातल्या चौदा बायकांना हे शिकवलं होतं. मुकादमीण त्याच. त्यांच्या नेटमधल्या बियाण्यात भेसळ सापडली, असं कंपनीच्या वहीत एकदाही नोंदलेलं नाही. हे परागाचं काम, म्हणजे क्रॉसिंग, संपून बारा दिवस झाले होते, फळं सुपारीएवढी होती. झाडं उपटली तर हा हंगाम जाणार होता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कंपनीच्या नियमाप्रमाणे पुढचे दोन हंगाम हसनाबादला टोमॅटोचा एकही प्लॉट मिळणार नव्हता. चौदा बायकांचं काम एका पानावर अडकलं होतं.

मी दुसऱ्या नमुन्याचा आग्रह धरला आणि खेडेकर साहेबांनी फेरतपासणी मान्य केली. गुरुवारी मी स्वतः पुन्हा हसनाबादला गेलो.

मंदाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांच्या नेटच्या दाराशी एका स्टुलावर दुधाचं पातेलं असतं. दुधाची पावडर पाण्यात कालवून ठेवतात. आत जाणाऱ्याने दोन्ही हात त्यात बुडवायचे. दुधातली प्रथिनं विषाणूला वेढून टाकतात आणि तो झाडात शिरू शकत नाही. हे आमच्याच कंपनीने गावोगाव शिकवलं होतं. बाकीच्या ठिकाणी महिनाभर चाललं आणि बंद पडलं. मंदाबाईंकडे चालू होतं.

“साहेब, हात दुधात बुडवा. मंग आत या.”

“हातमोजे घालतोय ना, मंदाबाई. नवे आहेत. पाकीट तुमच्यासमोर फोडलं.”

“मोजे घालून ऱ्हायले ते बराबर हाय. पण घातले कोणत्या हातानं?”

मागे उभ्या असलेल्या दोन बायका हसल्या. मीही हसलो. “माझ्याच हाताने.”

“मागच्या टायमाला बी न्हाई बुडवले तुम्ही. आमच्या बायांना मी दर खेपेला बुडवायला लावते. सरपंच आल्ते, त्यांना बी सोडलं न्हाई. तुम्हालाच का सूट?”

“मी तपासायला आलोय. दूध लागलं तर नमुना बिघडेल.”

हे कारण मी जागेवर तयार केलं होतं. थेंबभर दुधाने काही बिघडत नाही. मंदाबाई बाजूला झाल्या. आत गेल्यावर त्यांनी आखडलेली, दोरीसारखी बारीक झालेली पानं दाखवली. “हे रोगाचं न्हाई, साहेब. शेजारच्यानं मक्यात तणनाशक मारलं, वारं इकडं होतं. वरची नवी पानं बघा, सरळ येऊन ऱ्हायली. रोग असता तर नवं पान आधी वाकडं आलं असतं.”

त्यांचं म्हणणं मी टिपून घेतलं. पानं दोन बोटांत चुरून नळीत टाकली. बाहेर येऊन मोटारसायकलला टेकलो. चहा आला, मग मी खिशातली पुडी काढली, तळहातावर तंबाखू आणि चुना मळला आणि चिमूट तोंडात टाकली. मंदाबाई बघत होत्या.

नोकरीत असताना तंबाखू सोडलेली होती. आमच्या पहिल्या प्रमुखांची ती अटच होती. खिशात पुडी दिसली तर माणूस जिन्यावरूनच परत जायचा. ते गेले, मी निवृत्त झालो, सवय परत आली.

शुक्रवारी दुसऱ्या नमुन्यातही कांड्या दिसल्या. सोबत आरटी-पीसीआर केलेली होती. करोनानंतर हा शब्द हसनाबादच्या पारावरही माहीत आहे, त्यामुळे तो समजावून सांगत नाही. आमच्याकडची रसायनं मात्र संपूर्ण घराण्याची चाचणी करणारी होती, एकट्या टोमॅटोच्या विषाणूची नव्हती. घराण्याची चाचणी होकारार्थी आली. नेमकी चाचणी करणारी रसायनं परदेशातून यायला तीन आठवडे लागणार होते. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी झाडं उपटायची, असं खेडेकर साहेबांनी लिहून दिलं. ट्रॅक्टरही सांगून ठेवला.

त्याच दुपारी मी शुभांगीला फोन केला. शुभांगी जालन्याचीच. शिकाऊ म्हणून आमच्याकडे आली होती, जाळी चिमट्यात धरायला माझ्याकडे शिकली. आता ती दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरातल्या संशोधन संस्थेत नव्या सूक्ष्मदर्शकावर काम करते.

“सर, कांड्या आहेत ना? मग आणा. कांडीइतका सोपा नमुना आमच्याकडे दुसरा नाही. बुधवारी यंत्र माझ्याकडे आहे.”

“कमी आहेत गं. एका चौकोनात चार-पाच.”

“पुरतील.”

कशा पुरतील ते मला तिथे गेल्यावर समजलं. रविवारी बर्फाच्या पेटीत नळी घेऊन मी गाडीत बसलो. सोमवारी शुभांगीच्या हातात दिली. मंगळवारी तिने नमुना गोठवला आणि ते मी बघितलं.

आमच्या पद्धतीत विषाणू वाळवून, रंग देऊन बघायचा. त्यात तो चपटा होतो, आणि आपण खरं तर त्याच्याभोवतीचा रंगच बघतो. नव्या पद्धतीत रंग नाही, वाळवणं नाही. जाळीवरच्या थेंबाचा अतिशय पातळ पापुद्रा ठेवायचा आणि तो क्षणार्धात गोठवायचा. गायीम्हशींचे डॉक्टर रेतनाच्या कांड्या ज्या धूर निघणाऱ्या टाकीत ठेवतात, त्यातला द्रव नायट्रोजन इथेही असतो. मात्र जाळी थेट त्यात बुडवत नाहीत. नायट्रोजनने थंड केलेल्या दुसऱ्या एका द्रवात ती वरून सोडतात. गोठणं इतकं झटकन होतं की पाण्याला बर्फाचे खडे करायला सवड मिळत नाही. त्याची काच होते. विषाणू त्या काचेत जसाच्या तसा उभा राहतो, जिवंत पानात होता तसा ओला.

बुधवारी सकाळी दहा वाजता पहिलं चित्र आलं. मी सव्वीस वर्षं कांड्या पाहिल्या होत्या आणि त्या चित्रात मला काहीच दिसलं नाही. नुसती करडी वाळू.

“सर, तिरकं बघा. डावीकडून वर.”

मग दिसली. वाळूत कुणीतरी काठी ओढल्यासारखी फिकट रेघ. माझी निराशा शुभांगीच्या लक्षात आली असावी, कारण ती लगेच कॅमेऱ्याविषयी सांगू लागली. हा कॅमेरा येणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन मोजतो. तो एक फोटो घेत नाही, छोटी फिल्म घेतो. झोताच्या माऱ्याने नमुना हलतो. फिल्म असल्याने किती हलला ते कळतं आणि संगणक प्रत्येक चौकट पुन्हा जागेवर आणतो. मालगाडी जाईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसण्यात माझी किती वर्षं गेली, ते मला आठवलं.

“आणि कमी कांड्या पुरतात त्या कशा?”

“सर, एका कांडीत किती विटा असतात, तुम्हीच शिकवलंय.”

दोन हजारांहून अधिक. तंबाखूच्या विषाणूची कांडी म्हणजे एकाच साच्यातल्या प्रथिनाच्या विटा, गोल जिन्यासारख्या एकीवर एक चढत गेलेल्या. प्रत्येक वीट सारखी. म्हणजे एका कांडीचं चित्र घेतलं की एकाच विटेची दोन हजार चित्रं मिळतात, तीही वेगवेगळ्या बाजूंनी. एकेक चित्र वाळूसारखं. संगणक ती सगळी एकमेकांवर ठेवतो. वाळू प्रत्येक चित्रात वेगळी असते, ती विरत जाते. वीट प्रत्येक चित्रात तीच असते, ती ठळक होत जाते.

दुपारी तीन वाजता पडद्यावर कांडीचा पहिला आकार आला. ओबडधोबड, मक्याच्या कणसासारखा. साडेपाचला कणसावरचा प्रत्येक दाणा सुटा झाला. गुरुवारी सकाळी नऊ वाजता शुभांगीने एक दाणा मोठा करून दाखवला. आत प्रथिनाची माळ होती. वळणं घेत जाणारी, आणि तिच्यावरचा एकेक मणी वेगळा. मोठा मणी मोठा, लहान मणी लहान. मी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. ज्या कांडीला मी आयुष्यभर पांढरी रेघ म्हणून ओळखलं, तिच्या विटेतला मणी मोजता येत होता. मी शुभांगीला चित्र फिरवायला सांगितलं. तिने फिरवलं. पुन्हा फिरवायला सांगितलं. चौथ्यांदा तिने माऊस माझ्या हातात दिला.

नाव ठरवण्याची पद्धत सरळ होती. या घराण्यातल्या सदस्यांच्या माळा आधीच माहीत आहेत. बहुतेक मणी सारखे, थोड्या जागी फरक. मिळालेल्या आकारात एकेकाची माळ बसवून बघायची. शुभांगीने आधी टोमॅटोच्या नव्या विषाणूची बसवली. तीन जागी मणी आकाराच्या बाहेर आले, दोन जागी पोकळी राहिली.

“हा नाही,” ती म्हणाली.

मी घड्याळ पाहिलं. दहा वाजून वीस मिनिटं. खेडेकर साहेबांना फोन लावायला उठलो.

“थांबा सर, कोण आहे ते तर बघू.” तिने घराण्यातल्या आणखी तिघांना बसवून पाहिलं. बसले नाहीत. शेवटी तंबाखूचा बसवला. एकही मणी बाहेर आला नाही.

“अचूक. हसनाबादला तंबाखू लावतात का?”

“नाही. कापूस, मका, अद्रक.”

“मग आला कुठून?”

मी माझ्या जालन्याच्या फोटोंचा पेनड्राइव्ह सोबत नेला होता. तिने पहिल्या मंगळवारचे फोटो उघडले आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. “हे कसले स्फटिक?”

“रंगाचे असतील. नोंद केली आहे.”

“रंगाचे असे कोनदार नसतात, सर. तेही तुम्हीच शिकवलंय. हे चुन्यासारखे दिसतात.”

माझा हात शर्टच्या खिशावर गेला होता. खिशात पुडी होती आणि चुन्याची डबी होती. शुभांगीने खिशाकडे पाहिलं.

“सर, परत सुरू केली?”

तंबाखू वाळवली, मुरवली, कुटली, पुडीत भरली तरी तिच्यातला विषाणू मोडत नाही. वर्षानुवर्षं टिकतो. पाठ्यपुस्तकात असलेली ही गोष्ट मी शिकाऊ मुलामुलींना पहिल्या दिवशी सांगत आलो. दोन्ही खेपांना वाटेत तंबाखू मळलेल्या हाताने मी मोज्यांचं पाकीट फोडलं, त्याच हाताने मोजे बोटांच्या टोकाशी धरून चढवले आणि त्या बोटांत मंदाबाईंचं पान चुरलं. प्रयोगशाळेत पान न घातलेला कोरा नमुना तपासला होता, तो स्वच्छ होता. शेतावर कोरी नळी नेऊन उघडली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. ती नेली नव्हती.

खात्री म्हणून शुभांगीच्या संस्थेतल्या जुन्या यंत्रावर माझ्या पुडीतली चिमूट पाण्यात कालवून पाहिली. पहिल्याच चौकोनात अकरा कांड्या.

खेडेकर साहेबांना मी फोनवर जे झालं ते क्रमाने सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हणजे तुमच्या हातावर तंबाखूचा विषाणू होता, हे सिद्ध झालं. तिच्या झाडावर टोमॅटोचा नाही, हे कुठे सिद्ध झालं? नमुनाच बाटलेला आहे.”

ते बरोबर होतं. त्यांनी एक दिवस वाढवून दिला. शनिवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत स्वच्छ नमुन्याचा निकाल द्यायचा. ट्रॅक्टर शनिवारी हसनाबादला उभा राहील.

परतीच्या गाडीत मी गेल्या दोन हंगामांचे नमुने आठवून कागदावर मांडले. बहुतेक नमुने कंपनीच्या पर्यवेक्षकांनी आणलेले आणि प्रयोगशाळेतल्या मुलींनी तयार केलेले होते. मी स्वतः जाऊन, स्वतः चुरून आणलेले तीन. मंदाबाईंचे दोन आणि अंकुशरावांचा एक. तिन्हींमध्ये कांड्या.

वडीगोद्रीला मी त्यानंतर महिन्याने गेलो. ते इथेच सांगून टाकतो. हायवेला लागून अंकुशरावांचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. ते नळीला भोकं पाडत होते. मी सगळं सांगितलं.

“मंग माझ्या नेटातली कांडी तुमची का माझी?”

“सांगता येत नाही.”

“फोटू हाय ना?”

“आहे. जाळीही डबीत आहे. पण ती रंग देऊन वाळवलेली आहे. त्यावरून घराणं कळतं, नाव कळत नाही. शुभांगीने तसं लेखी दिलंय.”

“झाडं तर जाळली.”

“हो.”

“मंग आता सांगायला कशाला आल्ते?”

वर्तमानपत्रात चूक छापली गेली की दुसऱ्या दिवशी त्याच पानावर दुरुस्ती द्यायची असते, असं मी सांगितलं. त्यांनी आणखी दोन भोकं पाडली. मग समोरच्या हॉटेलात दोन बोटं दाखवून चहा सांगितला आणि म्हणाले, “नळ तिकडं हाय. आधी हात धुवा.”

हसनाबादचा तिसरा नमुना शनिवारी सकाळी मंदाबाईंनी स्वतः तोडला. मी शेतावर गेलो नाही. फोनवर सांगितलं तसं त्यांनी दोन नव्या पिशव्या घेतल्या. एकीत पानं, दुसरी नुसती नेटमध्ये उघडून बंद केलेली. त्या घेऊन मंदाबाई एसटीने दहा वाजता प्रयोगशाळेत पोचल्या. पिशव्या मुलींनी घेतल्या, रस मुलींनी काढला, जाळ्या मुलींनी केल्या. मी यंत्राच्या बटणांपलीकडे कशालाही हात लावला नाही.

“मी बसू का इथं?” मंदाबाईंनी विचारलं.

बाहेरच्या माणसाला त्या खोलीत बसू देत नाहीत. मी खुर्ची दिली.

आधी, शुभांगीकडून डबीत आणलेली माझ्या पुडीची जाळी एका मुलीने लावली आणि मी ती दाखवली. त्यांनी पडद्याजवळ तोंड नेलं. “हे तुमच्या तंबाखूतलं?”

“हो.”

“काडेपेटीतल्या काड्यावानी हाय. एवढ्याशासाठी अख्खं नेट उपटून ऱ्हायले होते?”

“हो.”

“मी बोलले होते, घातले कोणत्या हातानं.”

“बोलला होतात. मी नोंदवलं नाही.”

“आता लिवा,” त्या म्हणाल्या. मी त्यांच्यासमोर नोंदवहीत लिहिलं. त्यांनी वाचून पाहिलं. “बरं. आता माझं दाखवा.”

मुलीने पहिली जाळी लावली. चौकोन करडा होता. पेशींचा चुरा, हरितद्रव्याचे तुकडे, कांडी नाही. दुसरा चौकोन. तिसरा.

“काहीच न्हाई की हो याच्यात.”

“पुढे बघू.”

पहिली जाळी संपायला सव्वा तास लागला. दुसऱ्या जाळीच्या मध्यावर मालगाडी आली आणि चित्र थरथरू लागलं. मंदाबाईंनी टेबलाची कड धरली. गाडी जाईपर्यंत आम्ही दोघंही थांबलो. तिसऱ्या जाळीत एक सरळ रेघ दिसली. मी मोठं करून पाहिलं. रेघेची जाडी एकसारखी नव्हती, टोकाला फाटा होता. पेशीच्या भित्तिकेचा धागा होता तो. मंदाबाईंनी तोपर्यंत पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

“न्हाई ना?”

“नाही.”

चौथ्या जाळीला त्यांना पद्धत समजली होती. मी एका चौकोनातून पुढे निघालो तसा त्यांचा आवाज आला. “डाव्या अंगाचा कोपरा राह्यला, साहेब. आमच्यात असं फूल सुटलं तर मी त्या बाईला रांगेच्या सुरुवातीला परत धाडते.”

मी मागे गेलो. कोपरा पाहिला. मग पुढे निघालो.

चार जाळ्या, ऐंशी चौकोन. कांडी एकही नाही. मोकळ्या पिशवीचा कोरा नमुना प्रयोगशाळेतल्या मुलीने शेवटी पाहिला. त्यातही नाही. घराण्याची पीसीआर मुलींनी तोवर पूर्ण केली होती, ती नकारार्थी आली. अहवालावर तपासणारा म्हणून माझी सही आहे, नमुना घेणारी म्हणून मंदाबाईंची. वेळ चार वाजून दहा मिनिटं. मागच्या दोन्ही अहवालांवर ‘नमुना घेणाऱ्याच्या हातावरील तंबाखूमुळे बाद’ असा शेरा लिहून खेडेकर साहेबांनी खाली माझं नाव घातलं.

त्यांनी हसनाबादला फोन केला, तो साडेचारला लागला. ट्रॅक्टर चार वाजून चाळीस मिनिटांनी मंदाबाईंच्या बांधावरून परत निघाला. ट्रॉली रिकामी होती.